बाळाची पेज आणि भोजपूरचं चापाकल

पत्र थोडक्यात: मुलुंडहून एका एकसष्ट वर्षांच्या आजींनी लिहिलंय. मुलगा आणि सून दोघं नोकरीला जातात, नऊ महिन्यांची नात दिवसभर आजींपाशी असते. सून बिहारमधल्या भोजपूर जिल्ह्यातली, लग्नाला सहा वर्षं झाली. मध्यंतरी मुलाच्या ऑफिसनं सगळ्यांची आरोग्य तपासणी करवली. त्यात त्याच्या लघवीत आर्सेनिक जास्त असल्याचं लाल अक्षरांत आलं. तपासणी सोमवारी सकाळी होती आणि रविवारी घरात नेहमीप्रमाणे सुरमई आणि तिसऱ्या होत्या. रिपोर्ट आल्यापासून सुनेनं बाळाची पेज आणि मऊ भात बंद केला, प्यायला वीस लिटरचे जार मागवायला लागली, आता आरओ घ्यायचं म्हणते. "आमच्या चार पिढ्या भातावर वाढल्या, कुणाला काही झालं नाही," असं आजींचं म्हणणं. आणि तीच सून बाळाला घेऊन छठला माहेरी जायचं म्हणते, जिथे "चापाकलचं (तिकडे हातपंपाला चापाकल म्हणतात) पाणी खराब आहे म्हणे, तिच्या वडिलांच्या तळहातांनाही काहीतरी झालंय". आजी विचारतात: घरचा भात आणि मुंबईचं पाणी चालत नाही, मग तिथलं विष कसं चालतं? हिला समजवायचं कसं, आणि बाळाला घेऊन जाण्यापासून थांबवायचं कसं? मुलगा मध्ये पडत नाही.

ताई,

आधी मुलाच्या रिपोर्टचं बघू, कारण ते लवकर मिटणारं आहे. मासे, कोळंबी, खेकडे यांत आर्सेनिक असतंच. त्यातलं बहुतेक आर्सेनोबीटेन नावाच्या सेंद्रिय रूपात असतं. शरीर ते वापरत नाही, थोड्याच दिवसांत लघवीवाटे जसंच्या तसं बाहेर टाकतं आणि त्याचा अपाय होत नाही. घातक असतं ते असेंद्रिय आर्सेनिक. तपासणीच्या स्वस्त पॅकेजमध्ये मात्र दोन्हींची बेरीज करून एकच आकडा देतात. त्यातून तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांतलं आर्सेनिक आणखी वेगळ्या रूपात असतं. पोटात गेल्यावर त्याचे असे तुकडे होतात की वेगवेगळं मोजणारी तपासणीसुद्धा गोंधळू शकते. मुंबईत रविवारी मासे खायचे, सोमवारी सकाळी बाटली द्यायची आणि आकडा लाल येऊ नये म्हणायचं, हे जरा जास्तच झालं!

त्यानं चार-पाच दिवस मासे, कोळंबी, शिंपले, सुकट, बोंबील यातलं काहीही न खाता तपासणी पुन्हा करावी, आणि लॅबला आधीच सांगावं की असेंद्रिय आर्सेनिक वेगळं मोजून हवंय. आकडा खाली आला की विषय संपला. नाही आला तर फिजिशियनकडे जावं. मधल्या काळात कुणी शरीरातले जड धातू काढून देणारा 'डिटॉक्स' गळ्यात मारू बघेल. त्याला दारातूनच परत पाठवा.

पाण्याचं उत्तर त्याहून छोटं आहे. मुंबईच्या नळाला येतं ते तलावांचं पाणी: तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, अप्पर आणि मध्य वैतरणा, भातसा. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर पडलेला पाऊस तिथे साठतो. आर्सेनिकचा मोठा प्रश्न असतो तो जमिनीखालच्या पाण्याचा, आणि तोही ठरावीक प्रकारच्या गाळाच्या थरांत. भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रापासून हाकेच्या अंतरावर बसून तुमच्या सुनेनं आर्सेनिकसाठी जार मागवायची गरज नाही. आपल्याकडची खरी भानगड वेगळी आहे. जुनी जलवाहिनी गटाराजवळ फुटते, सोसायटीची टाकी वेळेवर धुतली जात नाही, आणि पावसाळ्यात गॅस्ट्रो आणि कावीळ घरोघरी फिरते. त्यासाठी पाणी उकळणं किंवा साधा यूव्ही फिल्टर पुरतो. आरओ एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडतं. सोसायटी बोअरवेलवर किंवा टँकरवर चालत असेल (तुमच्याकडे नसेल, पण वसई-विरारपासून कल्याणपर्यंत हे वाचणाऱ्या पुष्कळांकडे असेल) तर यंत्र घेण्याआधी एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत पाणी एकदा सगळ्या घटकांसाठी तपासून घ्या. काय काढायचंय ते कळल्याशिवाय काढायचं यंत्र घेण्यात अर्थ नाही.

आता भात. इथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूनं नाही.

तांदूळ हे पीक इतर धान्यांपेक्षा बरंच जास्त आर्सेनिक ओढतं, साधारण गव्हाच्या दहापट. भाताची खाचरं पाण्यानं भरलेली असतात, मातीत प्राणवायू उरत नाही, आणि अशा मातीत एरवी लोहाला चिकटून बसलेलं आर्सेनिक सुटं होतं. भाताच्या मुळांना सिलिकॉन हवं असतं. हे सुटं झालेलं आर्सेनिक त्याच दारानं आत शिरतं. दाण्याच्या बाहेरच्या थरात ते जास्त साठतं, म्हणून तब्येतीसाठी म्हणून आणलेल्या ब्राउन राइसमध्ये पांढऱ्या तांदळापेक्षा अधिक सापडतं. अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या कोडेक्सनं २०१४ मध्ये पॉलिश केलेल्या तांदळासाठी किलोमागे ०.२ मिलिग्रॅम असेंद्रिय आर्सेनिकची मर्यादा घातली. युरोपनं लहान मुलांच्या अन्नात वापरायच्या तांदळासाठी ती निम्मी, ०.१ मिलिग्रॅम ठेवली, आणि अमेरिकेनं २०२० मध्ये बाळांच्या तांदळाच्या पिठासाठी तोच आकडा धरला. बाळांना वेगळा नियम का? कारण बाळ आपल्या वजनाच्या मानानं आपल्यापेक्षा कितीतरी जास्त खातं, आणि त्यात दिवसभर एकच धान्य पोटात जात असतं. सकाळी पेज, दुपारी मऊ भात, संध्याकाळी हातात कुरमुरे. म्हणजे सून जे वाचून घाबरली ते खोटं नव्हतं.

आणि एक गोष्ट सांगते, रागावू नका. भात भरपूर पाण्यात शिजवून वेळला, म्हणजे तांदळाच्या सहा ते दहापट पाणी घेऊन उरलेलं ओतून दिलं, तर असेंद्रिय आर्सेनिक साधारण ४० ते ६० टक्के कमी होतं. कुकरमध्ये मोजून पाणी घातलं की सगळं भातातच राहतं. म्हणजे कोकणातली वेळणी ठेवून भात करायची रीत या बाबतीत कुकरपेक्षा सरस निघाली. फक्त वेळून काढलेलं पाणी, ज्यात ते उतरलेलं असतं, तेच आपण पेज म्हणून बाळाला पाजतो.

म्हणून पेज विषारी झाली असं समजू नका. चांगल्या पाण्यावर पिकलेल्या तांदळात मुळात असतंच थोडं. पण नवव्या महिन्यात पेजेचा आग्रह धरायला दुसरंही कारण नाही. ती बरीचशी पाणीच असते. बाळाचं पोट भरतं, पण या वयात सगळ्यात जास्त लागणारं लोह आणि उष्मांक त्यातून फारसे मिळत नाहीत. तेव्हा दिवसातून एकदा वेळलेला मऊ भात, मुगाचं घट्ट वरण आणि तूप. दुसऱ्या वेळी नाचणीचं सत्त्व किंवा गव्हाच्या रव्याची खीर. मधे अंडं, रताळं, केळं, कुस्करलेली भाजी. कुरमुरे आणि बाळांसाठी मिळणारे तांदळाचे पफ रोज नकोत. मोठ्यांनी भात सोडायचं काही कारण नाही. पोहे, घावणे, इडली, भात हे सगळं एकाच दिवशी येत असेल तर मधे भाकरी-पोळी येऊ द्या, एवढंच. वेळलेल्या भातातून बी गटातली जीवनसत्त्वंही थोडी निघून जातात, म्हणून घरात कुणी अशक्त असेल आणि भातावरच असेल तर रोज वेळायचा अट्टहास नको.

सुनेनं भात बंद केला पण त्या जागी काय द्यायचं ते ठरवलं नसेल, तर तिथे तिचं चुकलं. नाचणीचं सत्त्व घरी काढायला मुलुंडमध्ये तुमच्याइतकं कुणाला येत असेल? पेजेच्या हट्टापेक्षा ते काम तुमच्या हाताला शोभतं.

"चार पिढ्यांना काही झालं नाही" याबद्दल थोडं. तुमच्या चार पिढ्यांचा तांदूळ पावसावर, सह्याद्रीतल्या कातळाच्या मातीत पिकलेला. तो आणि गंगेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणी उपसून पिकवलेला उन्हाळी तांदूळ एका मापानं मोजता येत नाहीत, तेव्हा तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण आर्सेनिकचं काम इतकं सावकाश चालतं की "काही झालं नाही" हे घरात बसून कळत नाही. चिलीतल्या आंतोफागास्ता शहराला १९५८ पासून १९७० पर्यंत आर्सेनिक असलेल्या नद्यांचं पाणी मिळत होतं. मग शुद्धीकरण केंद्र आलं, पाणी सुधारलं. तरी फुप्फुसाच्या आणि मूत्राशयाच्या कर्करोगाचे मृत्यू पुढे कित्येक दशकं जास्तच राहिले. ज्यांचं बालपण त्या वर्षांत गेलं ते चाळिशी-पन्नाशीत आजारी पडले. त्यातल्या कुणाच्या घरच्यांनी तो आजार लहानपणच्या पाण्याशी जोडला असता?

आता तुमच्या पत्रातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलेलं वाक्य. ते तुम्ही सुनेच्या बोलण्यातली विसंगती दाखवायला लिहिलंय: तिच्या वडिलांच्या तळहातांना काहीतरी झालंय.

ताई, ते "काहीतरी" म्हणजे बहुधा काय असेल ते तुमच्या सुनेला माहीत आहे. आर्सेनिकचं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की तळहात आणि तळव्यांची कातडी जाड होते, तिच्यावर दाणे उठतात. छातीवर आणि पाठीवर काळे-पांढरे ठिपके येतात. आपल्या देशात हे पहिल्यांदा ओळखलं ते त्वचेच्या डॉक्टरांनी. १९८३ मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये डॉ. के. सी. साहा यांच्याकडे खेड्यांतून असे रुग्ण येऊ लागले. १९९३ मध्ये बांगलादेशातल्या विहिरींत आर्सेनिक सापडलं. २००२ मध्ये बिहारमध्ये पहिल्यांदा एका गावात ते सापडलं. गावाचं नाव सेमरिया ओझा पट्टी, जिल्हा भोजपूर. तोच तुमच्या सुनेचा जिल्हा. ती तेव्हा शाळेत असेल.

यात कुणा कारखान्याचा दोष नाही. हिमालयातून वाहून आलेल्या गाळात आर्सेनिक लोहाच्या कणांना चिकटलेलं असतं. गाळाखाली गाडल्या गेलेल्या पाल्यापाचोळ्यावर जगणारे जीवाणू ते लोह विरघळवतात आणि आर्सेनिक पाण्यात उतरतं. तळ्या-डबक्यांच्या पाण्यानं मुलं हगवणीनं मरत होती म्हणून १९७०च्या दशकापासून बंगालच्या खोऱ्यात गावोगाव कूपनलिका बसवल्या गेल्या. पाणी स्वच्छ, थंड, चवीला गोड. आर्सेनिकला ना रंग ना वास. जागतिक आरोग्य संघटनेची आणि आपल्या भारतीय मानकाची इष्ट मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे एका लिटरात ग्रॅमचा एक लाखावा भाग. हे जिभेला कळणार कसं? ज्या मुलीनं वडिलांचे हात असे बदलताना पाहिले, तिच्या हातात नवऱ्याचा रिपोर्ट आला आणि त्यावर तोच शब्द लाल अक्षरांत होता. तिनं जार मागवले. मी असते तर मीही मागवले असते.

"हिला कसं समजवायचं" असं तुम्ही विचारलंय. त्याआधी तिला एकदा विचारा, बाबांचे हात कधीपासून असे आहेत? सहा वर्षांत हे कुणी तिला विचारलंय का, ते तुमच्या पत्रातून कळत नाही. तिच्या मनात आणखी एक भीती असू शकते, जी ती बोलणार नाही: लहानपणी मी तेच पाणी प्यायले, ते माझ्यातून बाळात गेलं असेल का? तिला सांगा, असेंद्रिय आर्सेनिकसुद्धा शरीरात साचून राहत नाही, बहुतेक काही दिवसांत लघवीवाटे निघून जातं, आणि ती सहा वर्षं मुंबईचं पाणी पितेय. बाळ अजून अंगावर पीत असेल तर चालू राहू दे. अर्जेंटिना आणि बांगलादेशात ज्या आया रोज असं पाणी पीत होत्या, त्यांच्याही दुधात आर्सेनिक फारच कमी उतरलेलं आढळलं.

मग छठचं काय? जाऊ द्या. थांबवू नका. आर्सेनिकचं नुकसान वर्षांच्या हिशेबानं होतं. दोन आठवड्यांच्या मुक्कामात बाळाला खरा धोका जुलाबाचा. बाळाचं पाणी तेवढं वेगळं ठेवायचं. प्यायला आणि जेवण शिजवायला सीलबंद बाटलीचं पाणी, किंवा गावात शुद्ध केलेल्या पाण्याची नळयोजना असेल तर ते, उकळून. चापाकलचं पाणी उकळून आर्सेनिक जात नाही. उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. हे तिथल्या मंडळींनाही सांगावं लागेल, कारण "उकळलंय, आता चालेल" असं प्रेमानं म्हणणारं कुणीतरी असतंच. तिथे त्या पाण्यात भात वेळण्यातही अर्थ नाही. अशा पाण्यात शिजवलेला तांदूळ आर्सेनिक सोडण्याऐवजी शोषून घेतो.

माझं म्हणाल तर या वेळी मुलानंही सोबत जावं. मध्ये पडत नाही म्हणून त्याला बोल लावण्यापेक्षा त्याला एक काम द्या. सासुरवाडीचं पाणी तपासणं हे जावयानं करण्याजोगं काम आहे. निघण्यापूर्वी मुंबईतल्या प्रयोगशाळेतून आर्सेनिकच्या नमुन्यासाठीच्या बाटल्या आणाव्यात. त्या कशा भरायच्या ते लॅब सांगते. चापाकल काही मिनिटं चालवून मग नमुना घ्यायचा आणि बाटलीवर कोणत्या चापाकलचा ते लिहायचं. एकावर थांबू नका, आजूबाजूच्या तीन-चार चापाकलांचं घ्या. या प्रश्नातली त्यातल्या त्यात आशेची गोष्ट हीच आहे की एका चापाकलात भरपूर आर्सेनिक असतं आणि थोड्याच अंतरावरच्या दुसऱ्यात जवळपास नसतं. जागेवर तपासायचे किटही असतात. त्यात कागदाच्या पट्टीवर पिवळा ते तपकिरी डाग उमटतो. नेमका आकडा कळत नाही, पण कोणतं चापाकल सोडायचं ते कळतं. बांगलादेशात अशाच किटनं लाखो विहिरी तपासल्या आणि धोक्याच्या लाल, बऱ्या हिरव्या रंगवल्या. तिथल्या आराईहजार भागात २००० पासून हजारो माणसांची नोंद ठेवली जातेय. पाणी बदलून ज्यांच्या लघवीतलं आर्सेनिक खाली आलं, त्यांच्यात हृदयविकारानं आणि कर्करोगानं होणारे मृत्यूही कमी झाले. "आता या वयात पाणी बदलून काय होणार" असं व्याही म्हणाले, तर त्यांना हे सांगता येईल.

जवळ बरं चापाकल नसेल तर जास्त खोलीचा बोअर, किंवा जुनी उघडी विहीर असेल तर तिचं पाणी तपासून आणि उकळून. फिल्टरही आहेत. तुमच्या मुलुंडपासून जवळच, पवईच्या आयआयटीत, लोखंडी खिळ्यांवर चालणारं एक संयंत्र तयार झालंय. खिळे गंजतात आणि तो गंज आर्सेनिक धरून ठेवतो. फक्त कोणत्याही फिल्टरच्या आधी आणि नंतर पाणी तपासायचं, आणि त्याची देखभाल कोण करणार ते घेण्यापूर्वीच ठरवायचं. गावोगावी बंद पडलेली अशी यंत्रं कमी नाहीत.

व्याह्यांना त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवं. तळहातावरची एखादी गाठ वाढत असेल, चिरत असेल, बरी न होणारी जखम असेल तर तुकडा काढून तपासावा लागतो. लघवीतून रक्त किंवा न जाणारा खोकला असेल तर थांबायचं नाही. बिडी-सिगरेट असेल तर ती आधी सुटायला हवी, कारण आर्सेनिक आणि धूर मिळून फुप्फुसाचा धोका कितीतरी वाढवतात. शरीरातून आर्सेनिक 'काढणारी' औषधं अशा जुन्या दुखण्यात खात्रीनं उपयोगी ठरल्याचं दिसलेलं नाही. पश्चिम बंगालमध्ये एका चाचणीत खरं औषध आणि खोटी गोळी घेणाऱ्यांत काही फरकच पडला नव्हता. त्यात पैसे घालू नका. पटण्यात महावीर कॅन्सर संस्थान आहे, तिथे बिहारच्या आर्सेनिकवरच संशोधन चालतं. गावाहून ते जवळ पडेल. किंवा छठनंतर व्याही-विहीणबाईंना महिनाभर इकडेच घेऊन या, इथल्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात दाखवू.

आणि हे सगळं सुरू करायला छठची वाट कशाला? या रविवारी विहीणबाईंना तुम्ही स्वतः फोन लावा. घरात पिण्याचं पाणी कुठून येतं, चापाकल किती खोल आहे, कधी बसवलं, आधी कुणी तपासलं होतं का, सरकारी नळ दारापर्यंत आलाय का, एवढं विचारा. व्याह्यांच्या हातांचा उजेडात काढलेला फोटो पाठवायला सांगा, म्हणजे इथल्या डॉक्टरांना आधी दाखवता येईल. तुमच्या हिंदीनं काम भागेल, आणि विहीणबाई भोजपुरीवर गेल्या तर सून शेजारी बसलेली असू दे.